हुंडीपासून ई-सिमपर्यंत

एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें, आणि तोहि मॅट्रिकच्या पुढें न गेलेल्या, मोबाइलच्या सिमवर बोलावयास बसावें हें आपणांपैकीं कांहींस चमत्कारिक वाटेल. यंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. मीं सारा जन्म मुलांना इतिहास शिकविला. परंतु परदेशीं गेलेला मनुष्य घराशीं कसा बांधलेला राहतो, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आणि आज ज्याला ‘डेटापुरतें ई-सिम’ म्हणतात, तें त्या इतिहासाचें अगदीं अलीकडचें पान आहे. तें पान मीं स्वतः उलटून पाहिलें आहे. पहिल्या वेळीं हात भाजून, दुसऱ्या वेळीं थोडासा शहाणा होऊन.

माझी कन्या जर्मनींतील म्यूनिक शहरीं राहते. २०१९ सालीं आम्ही उभयतां प्रथमच तिच्याकडे गेलों. दुसऱ्याच दिवशीं जावईबापू मला एका दुकानीं घेऊन गेले. तेथें माझें पारपत्र पाहून, नांव-पत्ता लिहून घेऊन, मगच एक सिम कार्ड माझ्या हवालीं झालें. कारण १ जुलै २०१७ पासून जर्मनींत ओळख पटविल्यावांचून आगाऊ पैशांचें कार्ड चालू करतां येत नाहीं. माझ्या फोनमध्यें सिमची जागा एकच. तेव्हां घरचें सिम काढलें, आणि हरवूं नये म्हणून सौभाग्यवतींच्या कुंकवाच्या करंड्यांत ठेवून दिलें.

तीन आठवड्यांनीं पुण्याहून निरोप आला कीं, माझ्या धाकट्या बंधूस हृदयविकाराचा झटका आला असून इस्पितळांत अनामत रक्कम तांतडीनें भरावयाची आहे. पैसे माझ्या खात्यांत होते. मीं बँकेचें पान उघडलें, रक्कम लिहिली, आणि बँकेनें उत्तर दिलें कीं, ‘आपल्या मोबाइलवर सांकेतिक आंकडा पाठविला आहे.’ तो आंकडा जावयाचा घरच्या नंबरावर, आणि तो नंबर करंड्यांत! घाईघाईनें करंडा उघडला, कुंकू पुसून सिम पुन्हां बसविलें. पण परदेशीं चालण्याची परवानगी त्यावर आधीं घेतलेली नव्हती, आणि ती मागण्याची वाट त्याच नंबरावरून जात होती. त्या रात्रीं पैसे अखेर शेजाऱ्यांनीं भरले. बंधु वांचला. शेजाऱ्यांचे पैसे मीं परत येऊन दिले, परंतु ती रात्र विसरलों नाहीं. खात्यांत पैसे, हातांत यंत्र, घरांत इंटरनेट, आणि तरीहि ‘मी मीच आहें’ एवढें माझ्याच बँकेस मला सांगतां येईना.

तेव्हांपासून नखाएवढ्या त्या तुकड्याची पूर्वपीठिका शोधण्याचा मला नाद लागला.

आपल्या लोकांस समजावयास सोपा असा दाखला हुंडीचा आहे. पूर्वीं पुण्याचा मनुष्य काशीस निघाला म्हणजे सारी रक्कम कमरेस बांधून जात नसे. पुण्याच्या पेढीवर रुपये भरावे, हुंडी घ्यावी, आणि काशीच्या सावकाराकडे ती वटवावी. काशीचा सावकार त्या यात्रेकरूस ओळखीत नसे. तो ओळखी पुण्याच्या पेढीचें अक्षर आणि खूण. त्या खुणेवर तो रुपये मोजून देई, आणि दोन्ही पेढ्या आपसांतला हिशेब मागाहून मिटवीत. मधल्या मध्यें हुंडणावळ कापली जाई, ती निराळी. आज मोबाइलमध्यें ज्याला रोमिंग म्हणतात तें मूळ कल्पनेनें याहून फारसें वेगळें नाहीं. परक्या देशांतील मनोरा आपणांस ओळखीत नाहीं; तो आपल्या घरच्या कंपनीच्या शब्दावर आपलें काम करतो आणि हिशेब तिच्याकडे पाठवितो.

परंतु रोमिंगपर्यंत येण्यास फार काळ लागला. १८७० सालीं समुद्राखालच्या तारेनें मुंबई एडन व सुएझमार्गें इंग्लंडास जोडली गेली. तारेचा व्यवहार सरळ होता. खिडकीशीं उभें राहावें, शब्द मोजून पैसे द्यावे, संदेश निघून जाई. पाठविणारा कोण याच्याशीं तारेस कर्तव्य नसे. पैसे रोख, उधारीचा प्रश्नच नाहीं.

१९२७ सालीं आपल्या पुणें जिल्ह्यांत एक नवल घडलें, त्याची आठवण आज फारशी कोणास नाहीं. इंग्लंडाशीं बिनतारी संदेशांची ये-जा त्या वर्षीं सुरू झाली. तिची योजना अशी कीं, संदेश सोडावयाचे खडकीहून आणि घ्यावयाचे दौंडास. एकाच ठिकाणीं दोन्ही कामें केलीं तर स्वतःच्याच आवाजानें कान बधिर व्हावयाचे, म्हणून तोंड एका गांवीं व कान दुसऱ्या गांवीं. इंग्लंडांतहि तशीच जोडी होती. ग्रिम्सबीजवळून संदेश निघत आणि स्केगनेसजवळ घेतले जात. पुढें १९३३ सालीं याच बिनतारी मार्गानें हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें प्रत्यक्ष बोलणेंहि होऊं लागलें. आगगाडीनें दौंडावरून जातांना चहावाल्यांच्या गलबल्यांत मला ही गोष्ट हटकून आठवते. एका संभाषणाचे दोन भाग दोन ठिकाणीं नांदूं शकतात, हें आमच्या आजोबांच्या पिढीनें पाहिलेलेंच होतें. आज तेंच निराळ्या रूपानें आपल्या खिशांत आलें आहे.

यानंतरच्या कालखंडावर रेंगाळण्याचें कारण नाहीं. १९४७ सालीं परदेशीं संदेशांचा कारभार सरकारनें आपल्या हातीं घेतला. पुढें जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें उपग्रहाशीं बोलणारें भूकेंद्र आलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य जनतेस इंटरनेट खुलें केलें. या सर्व काळांत टेलिफोन हा घराचा असे, माणसाचा नव्हे. नंबर भिंतीस चिकटलेला. घर सोडलें कीं नंबर सुटला.

माणसास नंबर चिकटविला तो युरोपांत. तेथील गोष्ट अशी कीं, प्रत्येक राष्ट्राची मोबाइल पद्धति निराळी असल्यामुळें सरहद्द ओलांडतांच फोन मुका होई. १९८२ सालीं निरनिराळ्या देशांच्या टपाल व तार खात्यांच्या संघटनेनें एक समिति नेमली, तिचेंच आद्याक्षरी नांव जी.एस.एम. ७ सप्टेंबर १९८७ रोजीं कोपनहेगन येथें १३ देशांतील कंपन्यांनीं व खात्यांनीं करारावर सह्या केल्या, आणि १ जुलै १९९१ रोजीं फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनीं टाम्पेरे शहराच्या उपनगराध्यक्षा कारिना सुओनियो यांच्याशीं त्या पद्धतीचें पहिलें बोलणें केलें. त्यासाठीं लागणारीं पहिलीं ३०० सिम कार्डें एका जर्मन कारखान्यानें फिनलंडच्या कंपनीस विकलीं. तो कारखाना म्हणजे म्यूनिकचा गीझेके आणि डेव्रियंट. माझी कन्या राहते त्याच शहरांतला! त्याहून मौज ही कीं, १८५२ सालीं लाइप्झिग येथें स्थापन झालेल्या या घराण्याचा मूळ धंदा नोटा छापण्याचा. म्हणजे कागदाच्या तुकड्यावर विश्वास कसा उमटवावा, ही विद्या त्यांच्याकडे आधींचीच होती.

आतां या तुकड्याच्या पोटांत काय असतें तें सांगतों. माझ्या सर्व शोधांत मला अधिकांत अधिक आनंद येथें झाला. प्रत्येक सिमवर जास्तींत जास्त १५ आंकड्यांची एक ओळख असते. तिचे पहिले तीन आंकडे देशाचे. भारताचे ४०४ व ४०५, जर्मनीचे २६२. म्हणजे ‘मी अमक्या गांवचा, अमक्या पेढीचा’ हें सिम प्रथमच सांगून टाकतें. पण सांगणाराचा भरंवसा काय? त्यासाठीं एक गुप्त किल्ली असते. ती दोनच ठिकाणीं ठेवलेली. एक सिममध्यें आणि दुसरी घरच्या कंपनीच्या तिजोरींत. ती कधींहि हवेंतून पाठविली जात नाहीं. घरची कंपनी कांहीं तरी एक अनपेक्षित आंकडा काढते. सिमनें तो आंकडा आपल्या किल्लीशीं घुसळून उत्तर द्यावयाचें. कंपनीनेंहि आपल्या बाजूस तेंच घुसळलेलें असतें. दोन उत्तरें जुळलीं तर मनुष्य खरा. परदेशांत गेल्यावर तेथील कंपनी आपल्या घरच्या कंपनीकडून फक्त प्रश्न आणि अपेक्षित उत्तर मागवून घेते. गुपित तिला कळत नाहीं. गुपित ज्याला ठाऊक आहे तोच हा, एवढेंच कळतें. जुन्या पेढ्यांवरील मुनीम आज असते तर या युक्तीवर निहायत खूष झाले असते.

१९९२ सालीं फिनलंडमधील व इंग्लंडमधील दोन कंपन्यांनीं रोमिंगचा पहिला करार केला. आपल्याकडे मोबाइलचें पहिलें बोलणें ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसू यांनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं केलें.

येथपर्यंत सर्व ठीक चाललें. कारण लोक बोलत होते, आणि बोलणारास मिनिटें मोजतां येतात. २००० सालानंतर त्याच वाटेनें इंटरनेट जाऊं लागलें, तेव्हां मात्र हुंडणावळीचें भूत उभें राहिलें. मनुष्यानें फोनवर किती मजकूर ओढला हें त्याचें त्यालाच समजत नाहीं. फोन खिशांत स्वस्थ पडला असतांहि आंतल्या आंत पत्रें आणि चित्रें ओढीत असतो. प्रवासाहून परत आलेल्या माणसाच्या हातीं महिन्याचा पगार खाऊन टाकणारें बिल पडूं लागलें. युरोपीय संघास कायदाच करावा लागला. जुलै २०१० पासून ग्राहकानें निराळें सांगितलें नसेल तर डेटाचें बिल ५० युरोंवर पोहोंचतांच जोडणी आपोआप थांबावी, असें ठरलें. २०१२ सालीं दर मेगाबाइटास ७० सेंट ही कमाल मर्यादा आली. ‘मर्यादा’ म्हणतां म्हणतांसुद्धां हिशेब करून पाहा. नातवंडाचा एक चांगला फोटो तीन मेगाबाइटांचा धरला तर त्याला दोन युरोंहून अधिक पडले! १५ जून २०१७ पासून संघांतील देशांमध्यें फिरतांना घरचाच दर लागूं झाला. त्याच वेळीं कंपन्यांनीं एकमेकींस आकारावयाच्या घाऊक दरासहि लगाम घातला गेला: दर गिगाबाइटास ७ युरो ७० सेंट. तो उतरत उतरत २०२७ सालीं एका युरोवर यावा, असें पुढील कायद्यानें ठरविलें. आज युरोपांत परक्या सिमवरहि इंटरनेट स्वस्त मिळतें, त्याचें एक मोठें कारण हा घाऊक दर आहे. वर्तमानपत्रांतील जाहिराती याचा उल्लेख करीत नाहींत. त्यांस सर्व श्रेय आपल्या औदार्याचें वाटतें.

आतां ई-सिमकडे वळूं. पहिलें सिम कार्ड आजच्या बँकेच्या कार्डाएवढें, म्हणजे ८५.६ मिलिमीटर लांब होतें. पुढें तें २५ मिलिमीटरांचें झालें, मग १५, आणि २०१२ सालीं सव्वाबारा मिलिमीटरांच्या आसपास आलें. पण कितीहि लहान केलें तरी तें घालण्याकाढण्याची खिडकी राहतेच. शिवाय मोटारी, वीजमापकें अशा यंत्रांत हातानें सिम बदलीत कोण बसणार? युरोपांत ३१ मार्च २०१८ पासून मोटारींच्या नव्या नमुन्यांत अपघात होतांच आपोआप मदत मागणारें यंत्र सक्तीचें झालें. त्याचें सिम तर मोटार आहे तोंवर टिकावयास हवें. म्हणून असें ठरलें कीं, तुकडा कायमचा आंतच जडवून टाकावा आणि त्यावरील लेख मात्र दुरून बदलतां यावा. ई-सिम म्हणजे सिमच नाहीं असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. तुकडा आहेच, फक्त तो पाटीसारखा झाला आहे. पाटी आपली, तिच्यावर कोणत्या पेढीचा लेख उमटवावयाचा तें क्यूआर कोड दाखवून ठरतें. लेख कुलूपबंद होऊन इंटरनेटवरून येतो आणि त्याच एका पाटीवर उघडतो. एका पाटीवर अनेक लेख राहूं शकतात.

सामान्य ग्राहकाच्या उपकरणांसाठीं याचे नियम २०१६ सालीं तयार झाले. २०१७ सालीं गूगलच्या एका फोनांत आणि २०१८ सालीं ॲपलच्या फोनांत ई-सिम आलें. भारतांतील मोठ्या कंपन्यांनींहि त्याच वर्षीं ती सोय दिली. २०२२ सालीं अमेरिकेंत विकल्या गेलेल्या ॲपलच्या नव्या फोनांना तर सिमची खिडकीच उरली नाहीं. माझ्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या फोनांत दोन सिमें एकाच वेळीं जागीं राहूं लागलीं. करंड्याचें काम संपलें.

२०२४ सालीं आम्ही पुन्हां म्यूनिकला गेलों, तेव्हां कन्येनें निघण्याआधींच बजावलें, “बाबा, या वेळीं घरचें सिम काढायचें नाहीं. त्यावर परदेशांतली सेवा आत्तांच चालू करून घ्या, डेटा रोमिंग तेवढें बंद ठेवा. इंटरनेटसाठीं मी दुसरें पाठवतें.” तिनें पाठविलेला क्यूआर कोड मीं पुण्यास बसूनच फोनला दाखविला. ३० दिवसांचें, १० गिगाबाइटांचें, केवळ डेटापुरतें ई-सिम. त्याला बोलण्याचा नंबर नाहीं. विमान उतरलें, फोन उघडला, आणि सामानाचा पट्टा फिरूं लागण्यापूर्वीं माझे संदेश येऊन थडकले. व्हॉट्सॲपहि जुन्याच नंबरावर चालू राहिलें. कारण त्यास एकदां नंबर पटला कीं पुढें मजकूर कोणत्या वाटेनें येतो याची चिंता नसते. ट्रामचें तिकीट, रस्त्याचा नकाशा, औषधाच्या डबीवरील जर्मन अक्षरांचें भाषांतर, असे माझे सारे उद्योग त्यावर सुखानें चालले. बँकेचे सांकेतिक आंकडे मात्र घरच्या सिमवर, जणूं मी पुण्यांतच बसलों आहें असे, मुकाट्यानें येत राहिले. संभाषणाचें तोंड एकीकडे आणि कान दुसरीकडे. खडकी-दौंडाची आठवण झाल्यावांचून कशी राहील?

परंतु तिसऱ्या-चौथ्या दिवशीं ट्रामध्यें बसून एक पान उघडलें, तों तें पोलिश भाषेंत! प्रथम वाटलें, फोन बिघडला. मग जावईबापूंनीं उलगडा केला. मनोरा जर्मनीचा, पण ई-सिमवरील लेख पोलंडांतील कंपनीचा, आणि तो मला विकणारा दुकानदार तिसऱ्याच देशांतला. रोमिंगच्या रिवाजाप्रमाणें माझा सर्व मजकूर मनोऱ्याकडून बोगद्यासारख्या बंद वाटेनें लेख देणाऱ्या कंपनीच्या दारापर्यंत जातो आणि तेथून इंटरनेटच्या उघड्या रस्त्यास लागतो. म्हणून जगास मी म्यूनिकमध्यें नव्हे, पोलंडांत दिसतों. हें दार सिंगापुरास असेल तर मजकूर सिंगापूरची प्रदक्षिणा करून येणार. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. म्यूनिक ते सिंगापूर सुमारें दहा हजार. जाऊन येण्यास सेकंदाचा एक दशांश भाग किंवा त्याहून थोडा अधिक. पत्र वाचावयास हें कांहींच नाहीं. समोरासमोर पाहून बोलतांना मात्र दोघेहि एकदमच बोलूं लागतात आणि एकदमच थांबतात, तें पुष्कळदां अशा फेऱ्यामुळें.

याचा दुसरा परिणाम राजकीय आहे. चीनच्या मुख्य भूमींत स्थानिक सिमवर गूगल वा व्हॉट्सॲप उघडत नाहीं. पण परदेशी सिमवर रोमिंगनें गेलेल्या माणसास तें बहुधा उघडतें, कारण त्याच्या मजकुराचें दार चीनच्या बाहेर असतें. उलट प्रकारहि आहे. अमेरिकेंतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२५ सालीं अशीं प्रवासी ई-सिमें तपासून दाखविलें कीं, वापरणारा एका देशांत असतां त्याचा मजकूर भलत्याच देशाच्या, कांहीं बाबतींत चीनच्या, जाळ्यांतून फिरून येत होता. आणि विकणाऱ्या मध्यस्थासहि ग्राहक कोठें आहे याची माहिती मिळूं शकत होती. बँकेचीं व संदेशांचीं पाकिटें चिकटवलेलीं असतात हें खरें. आंतलें पत्र वाटेंत वाचतां येत नाहीं. पण पाकिटावरील पत्ता तर दिसतोच. हुंडी वटवितांना यात्रेकरूस दोन पेढ्या ठाऊक असत. येथें तीन-चार मध्यस्थ असतात आणि आपणांस नांव फक्त शेवटच्या दुकानदाराचें माहीत.

राज्यकर्त्यांस हें रुचणार नाहीं हें उघड आहे. जर्मनीसारख्या देशानें दुकानांत पारपत्र पाहण्याचा नियम केला, आणि प्रवासी ई-सिम बाहेरच्या देशांतून येऊन त्या नियमाला वळसा घालून गेलें. तुर्कस्तानानें २०२५ सालीं असे अनेक विक्रेते आपल्या देशांतून दिसेनासे केले. युरोपीय संघांतहि घरच्या दरानें रोमिंग हें प्रवाशासाठीं आहे, बिऱ्हाड करून राहणारासाठीं नव्हे. चार महिन्यांचा काळ पाहून मनुष्य घरीं थोडा आणि बाहेर अधिक असा दिसला तर कंपनी अधिभार लावूं शकते. पाहुणा कोण आणि रहिवासी कोण हा जुना प्रश्न अशा रीतीनें गिगाबाइटांच्या हिशेबांत येऊन बसला आहे.

हा भेद आपल्या घरांतील मुलामुलींनीं ध्यानांत घ्यावा असा आहे. माझ्यासारख्या तीन महिन्यांच्या पाहुण्यास डेटापुरतें ई-सिम पुरतें. शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यासहि पहिले कांहीं दिवस, खोली मिळून पत्त्याची नोंद होईपर्यंत, त्याचा मोठा आधार असतो. पण माझी कन्या केवळ त्यावर तेथें संसार करूं शकणार नाहीं. वैद्याची वेळ घेतांना, मुलाच्या शाळेच्या अर्जावर, पार्सल आणणाऱ्यासाठीं, सर्वत्र ‘नंबर लिहा’ असा रकाना असतो, आणि डेटापुरत्या ई-सिमापाशीं लिहावयास नंबरच नाहीं. तेथें राहणारास तेथला नंबर हवा. त्याच्या जोडीला डेटापुरतें दुसरें ई-सिम ठेवणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या देशांत जातांना किंवा घरच्या कंपनीचें जाळें मंद असतां तें उपयोगीं पडतें.

आणि मागें ठेवलेल्या नंबराचें काय? आपल्या रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २००९ पासून कार्डानें ऑनलाइन पैसे देतांना दुसरा पुरावा सक्तीचा केला, आणि तो पुरावा बहुतेक सर्वत्र मोबाइलवरील सांकेतिक आंकडा होऊन बसला. तेव्हांपासून भारतीय नंबर हा बोलण्याचा नंबर उरला नाहीं, तो सहीचा शिक्का झाला. पुष्कळ लोक परदेशीं स्थायिक होतांच तो सोडून देतात. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला गेला नाहीं तर कंपनी तो बंद करूं शकते. वीस रुपये शिल्लक असतील तर तो राखण्याची तरतूद नियमांत २०१३ पासून आहे, पण ती फार थोड्यांस ठाऊक आहे. बंद झालेला नंबर पुढें दुसऱ्यास दिला जातो, म्हणजे आपला शिक्का परक्याच्या हातीं जातो! जानेवारी २०२३ मध्यें अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर वगैरे दहा देशांतील नंबरांवर अनिवासी भारतीयांस यू.पी.आय. वापरण्याची वाट मोकळी करण्यांत आली, ही चांगली गोष्ट झाली. तरी जुन्या खात्यांशीं, निवृत्तिवेतनाशीं, आधाराशीं जोडलेला जुना नंबर एका दिवसांत कोणी बदलूं शकत नाहीं. माझ्या परिचयांतील एका विधवा बाईंच्या मुलानें तिकडे गेल्यावर इकडचा नंबर सोडला. पुढें वडिलांच्या नांवचें खातें मिटवितांना त्यास केवळ त्यासाठीं विमानाचें तिकीट काढून यावें लागलें.

माझें ३० दिवसांचें ई-सिम तेथें असतांनाच संपलें, मग दुसरें घेतलें, आणि परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर तेंहि पुसून टाकलें. फोननें विचारलें, ‘काढून टाकावयाचें ना?’ मीं होय म्हटलें. माझ्या बंधूस त्याच संध्याकाळीं जुन्याच नंबरावरून फोन केला, तो म्हणाला, “दादा, तूं गेला होतास हें या खेपेस मला जाणवलेंच नाहीं.” कुंकवाचा करंडा सौभाग्यवतींनीं घांसूनपुसून पुन्हां देव्हाऱ्याजवळ ठेवला आहे. झांकणाच्या आंतल्या बाजूस त्या जुन्या सिमचा चौकोनी ठसा अजून दिसतो.